अल्लीपूरची सून इंग्लंडला शिकायला गेली

अल्लीपूरच्या बाजारात वांग्यांचं पोतं खाली ठेवता ठेवता महादेवरावांनी जाहीर करून टाकलं, "आमचा नीरज फॉरेनले चालला, शिकायले." कोणत्या देशात, काय शिकायला, कोणाच्या पैशाने, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. खुद्द नीरजला ही बातमी दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात कळली.

नीरज हा महादेवरावांचा धाकटा मुलगा. थोरला कैलास, त्याचं वर्ध्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. कैलासची बायको जया ही माझी सहकारी. बोरगाव मेघेला आमची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आहे. मी तिथे शिवण शिकवते आणि जया पहिली-दुसरीचे वर्ग घेते. उंच बाई, चष्मा सतत घसरलेला, चालणं असं की मागून गाठायला धावावं लागतं. वर्गात शिरली की आधी फरशीवर पाय आपटते. मुलांना हाक ऐकू येत नाही, पण फरशीची थरथर तळव्यांना कळते आणि सगळी डोकी एकदम दाराकडे वळतात. हसते इतक्या मोठ्याने की शेजारच्या वर्गातल्या, ऐकू येणाऱ्या एकट्या माणसाला म्हणजे मला, सुईत दोरा ओवताना दचकायला होतं.

महादेवरावांच्या बोलण्याला कारण होतं. हिंगणघाटच्या त्यांच्या नात्यातला एक मुलगा जर्मनीला शिकायला गेला आणि समाजाच्या मेळाव्यात त्याच्या बापाला शाल-श्रीफळ मिळालं. महादेवराव समोर खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. घरी आले आणि त्यांनी जयाला फोन लावला.

"जया, तुले इंग्रजी येते. पाय बरं, पैसे कोन देते ते. सरकार देते म्हनते, बाहेरचे लोकबी देते म्हनते. आपला नीरज काऊन मागं राह्यला पाह्यजे?"

नीरजने वर्ध्याला इंजिनिअरिंग केलं ते जयाच्याच घरी राहून. त्याच्यावर तिचा जीव होता. तिने ते काम मनावर घेतलं.

आधी ती नागपूरला एका सल्लागाराच्या ऑफिसात गेली. काचेची दारं, टेबलावर छोटे छोटे झेंडे, टाय लावलेला मुलगा. त्याने देशांची नावं सांगितली, मग थेट कर्जाचे कागद पुढे केले. शिष्यवृत्तीचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते पुढे बघू. आधी ॲडमिशन तर होऊ द्या." जया त्यांनी दिलेलं पाणी प्यायली आणि तिने परतीची बस धरली.

मग शाळा सुटल्यावर ती आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसायला लागली. मीही सोबतीला बसायची, मुलांच्या गणवेशांना काजं करत. ती वाचायची आणि मला मराठीत सांगायची. आम्हा दोघींनाही वाटायचं की शिष्यवृत्ती म्हणजे हुशार मुलाला मिळणारं बक्षीस. तसं नसतं, हे तिला हळूहळू उमगलं. देणाऱ्यालाही काहीतरी हवं असतं. कोणाला अमुक विषयाचा विद्यार्थी हवा, कोणाला अमुक देशातला, कोणाला शिकून परत आपल्या गावी जाणारा. कोणी फक्त फी भरतं, कोणी राहण्याखाण्याचं बघतं, कोणी नुसतं विमानाचं तिकीट काढून देतं. आपल्या राज्य सरकारच्याही योजना होत्या, पण प्रत्येकीची अट वेगळी. आणि सगळ्यांची मुदत कोर्स सुरू व्हायच्या कितीतरी महिने आधी संपणारी.

"म्हणजे लग्नासारखंच आहे," जया म्हणाली. "तारीख पुढच्या वर्षीची असली तरी हॉल आताच बुक करा."

नीरजसाठी चालतील अशा योजना तिने वेगळ्या काढल्या. पण प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न होताच: तुम्हाला हेच का शिकायचं आहे? त्याचं उत्तर जया देऊ शकत नव्हती. तिने नीरजला समोर बसवलं आणि म्हणाली, लिही. बराच वेळ पेन फिरवून त्याने दोन ओळी लिहिल्या. त्यातली दुसरी ओळ 'धन्यवाद' होती.

"हे काय रे?"

"वयनी, मले जायचंच नाई."

"मंग आतापर्यंत बोलला काऊन नाई?"

"बाबानं बाजारात सांगून टाकलं. तुम्ही रोज शाळा सुटल्यावर बसून राह्यल्या. आता मी नाई म्हनू कसा?"

"तुले करायचं काय हाये पण?"

तेव्हा पोरगा खुलला. त्याला अल्लीपूरला रोपवाटिका काढायची होती. टमाटर, वांगी, मिरची, फुलकोबी, सगळ्यांची रोपं ट्रेमध्ये, जाळीखाली. आजूबाजूच्या गावांतले भाजीवाले शेतकरी रोपं लांबून आणत होते आणि निम्मी रस्त्यातच माना टाकत होती. हे सगळं तो एका दमात बोलला. कोणत्या कंपनीची जाळी, पाण्याचे फवारे किती अंतरावर, हेही.

जया ऐकून घेत होती. मनातल्या मनात ती सासऱ्यांना काय सांगायचं ते जुळवत होती. तेवढ्यात नीरज म्हणाला, "अन् वयनी, ते एक तुम्ही बाजूले टाकलं ना, माह्यासाठी नाई म्हनून? शिक्षक पाह्यजे, अपंग पोट्ट्यायसोबत काम केलेला पाह्यजे, परत येऊन आपल्याच देशात काम करनारा पाह्यजे. ते तर तुमच्यासाठीच हाये."

जया मोठ्याने हसली. "मी? सदतीस वर्षांची बाई दप्तर घेऊन जाऊ?"

"वयाचं काही लिहिलं नाई त्यात. म्या पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने मला हे गंमत म्हणून सांगितलं. मी हसले. भात संपता संपता तिने ते पुन्हा सांगितलं. माणूस एकच गंमत त्याच डब्यावर दुसऱ्यांदा सांगतो, तेव्हा ती गंमत राहिलेली नसते. मी म्हटलं, "भर ना मग." ती डब्याचं झाकण लावत बसली.

तिच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. आदल्या वर्षी आमच्याकडे गोपिका नावाची मुलगी आली होती. वय आठ आणि भाषा कोणतीच नाही. बोलण्याची नाही, हातांचीही नाही. स्वतःला नाव असतं हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. तिची आई रडत जयाला म्हणाली होती, "तिले राग आला का भूक लागली, मले समजतच नाई, बाई." गोपिका पुढे भराभर शिकली, ती गोष्ट वेगळी. पण जया तेव्हापासून एकच बोलायची, की ही मुलं आपल्याकडे येतात तोवर फार उशीर झालेला असतो. आईच्या मांडीवर असतानाच सुरुवात करायला हवी आणि ती कशी करायची हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नाही. इंग्लंडच्या ज्या कोर्सला ती शिष्यवृत्ती लागू होती, त्यात नेमकं हेच शिकवत होते.

तिने आधी कैलासला सांगितलं. कैलास मुळात कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "रविवारी अल्लीपूरले जाऊ. बाबाले तर सांगाच लागन."

रविवारी सगळे गेले. जया, कैलास, नीरज आणि जयाची अकरा वर्षांची मुलगी समीक्षा. जेवणं झाली. नीरजने आपलं सांगितलं आणि महादेवरावांचा चेहरा उतरला. त्यातून सावरायच्या आत जयाने आपलं सांगितलं.

"म्हनजे?" महादेवराव म्हणाले. "पोट्टा रोपं लावन आन् सून फॉरेनले जाईन? लोकं काय म्हनतीन?"

जयाच्या सासूबाई, आनंदाबाई, ओसरीवर भेंडी निवडत होत्या. कोवळी एका टोपलीत, जून दुसरीत. त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्ही गावात सांगतलं ना, आमच्या घरचं पोट्टं फॉरेनले चाललं म्हनून?"

"सांगतलं ना! तेच तर म्हनून राह्यलो."

"मंग जाऊन राह्यलं ना घरचं कोनीतरी. तुमचा शब्द काही खाली पडला नाई. समीक्षाजवळ मी जाऊन राहीन. भेंडी तोडाले तुम्ही हायेच."

नीरजला हसू आवरेना. समीक्षाने विचारलं, "आई, तू गेल्यावर आजी मला रोज मोबाइल देईल?" तिला आजीने हातातली भेंडी उगारून गप्प केलं.

नीरज गावीच थांबला. परत येताना मोटरसायकलवर समीक्षा दोघांच्या मध्ये बसली होती आणि कैलास नुसती गाडी हाकत होता. जयाला वाटलं, त्याला आवडलेलं नाही. पेट्रोल पंपावर गाडी थांबली. टाकीचं झाकण लावता लावता तो म्हणाला, "ती इंग्रजीची परीक्षा नागपूरले असते म्हने. बसनं नको जाऊ, मी नेऊन देईन." एवढंच. जया मागच्या सीटवर बसून घरापर्यंत रडली, आणि हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत अशी तक्रार तिने दुसऱ्या दिवशी माझ्याकडे केली.

इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याचा एक भाग असतो. हेडफोन लावून परदेशी माणसांचं बोलणं ऐकायचं आणि उत्तरं लिहायची. सराव करताना जया वैतागायची. "हे भराभर बोलतात आणि तोंडही दाखवत नाहीत. आता कळलं माझ्या पोरांना कसं वाटत असेल." पण पास झाली, चांगली पास झाली.

निबंधाने मात्र तिला दमवलं. पहिला निबंध तिने मला वाचून दाखवला. त्यात जगातल्या समस्त दिव्यांग बांधवांच्या उत्थानासाठी जीवन समर्पित करण्याचा संकल्प होता.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"मीच."

"मला तर सव्वीस जानेवारीचं भाषण वाटलं. गोपिकाच्या आईचं लिही ना."

ती जरा रागावली, पण तिने लिहिलं.

मग शिफारसपत्र. आमच्या मुख्याध्यापिका सुलोचना मॅडम जयावर माया करणाऱ्या. त्यांनी आनंदाने पत्र दिलं. त्यात होतं की सदर शिक्षिका नियमित, वक्तशीर असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतं तसंच. जया संकोचून म्हणाली, "मॅडम, त्यांना तुम्ही काय पाहिलं ते हवं आहे." मॅडमने चष्मा काढला आणि म्हणाल्या, "असं म्हण ना मग. मी अठ्ठावीस वर्षं वर्तणूक चांगली आहे हेच लिहीत आले, कोणी दुसरं मागितलंच नाही." दोन दिवसांनी त्यांनी दोन पानं लिहून आणली. ती वाचून जयाला कुठे बघावं कळेना.

पहिल्या वर्षी नकार आला. दोन ओळींचा, सभ्य. जया काही दिवस डबा वर्गातच खात होती. महादेवरावांनी फोन करून चौकशी केली, तेव्हा तिने सांगून टाकलं. पलीकडून आवाज आला, "असं कसं नाई म्हनते? आपलं वांगं पहिल्यांदा कीड लागून गेलं तं आपन वांगं लावनं सोडतो काय? म्या आता गावात जया जाऊन राह्यली म्हनून सांगून टाकलं." म्हणजे बाजारात दुसरी घोषणाही झालेली होती.

दुसऱ्या वर्षी तिने तीन ठिकाणी अर्ज केले. एकाकडून नकार, एकाकडून काहीच नाही, आणि तिसऱ्याकडून, म्हणजे त्या पहिल्याच ठिकाणाहून, मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत ऑनलाइन होती. घरी लाइट जायची भीती, म्हणून शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत. मी दारात पहारा देत होते.

लोकांना वाटतं की कर्णबधिरांच्या शाळेत शांतता असेल. उलट आहे. बाक ओढला की आवाज होतो हेच मुलांना माहीत नसतं. मुलाखत रंगात आली आणि बरोबर वरच्या वर्गात चित्रकलेचा तास सुरू झाला. डोक्यावर बाकांची अशी फरफट की जणू छपरावरून बैलगाडी चालली आहे. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, तिकडे बांधकाम चाललंय का?

जया म्हणाली, "नाही, माझे विद्यार्थी बाक हलवत आहेत."

"त्यांना थांबवायचं असेल तर आम्ही थांबतो."

"थांबवता येईल," जया म्हणाली. "पण मग मुलं दिवसभर प्रत्येक गोष्ट उचलताना माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतील, आवाज झाला का म्हणून. त्यापेक्षा मी जरा मोठ्याने बोलते."

समितीत एक गृहस्थ स्वतः कर्णबधिर होते. त्यांच्या दुभाष्याने हातांनी हे सगळं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले. मग त्यांनी विचारलं, तुम्ही या मुलांच्या आयांना काय शिकवाल? जयाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बोलायचं विसरून हातांनीच सुरू झाली. आपली खुणांची भाषा आणि त्यांची वेगळी, तरी ते मान डोलवत होते.

निवड झाली. फी आणि राहण्याखाण्याचा खर्च मिळणार होता, प्रवासाचा नाही. त्यासाठी तिने नागपूरच्या एका जुन्या ट्रस्टकडे अर्ज केला. बायकांच्या उच्च शिक्षणाला ते तिकिटापुरती मदत करतात. तिथे प्रमिलाबाई नावाच्या वयस्क बाई होत्या, पांढरं सुती लुगडं, कडक आवाज. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "मुलगी कोणाजवळ राहणार?"

"तिच्या बाबांजवळ. आणि आजी येणार आहे."

"बरं झालं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल की मीच तिकडून फोनवर घर चालवीन. तसं म्हणणाऱ्या बायका सहा महिन्यांत परत येतात." आणि त्यांनी तिकिटाला मंजुरी दिली.

जया गेली. शाळेने बिनपगारी रजा दिली आणि तिचे वर्ग स्वतः सुलोचना मॅडमने घेतले. आनंदाबाई बोरगावला जयाच्या घरी राहायला आल्या. येताना भाजीच्या दोन पिशव्या आणि आपला पाटा घेऊन आल्या, कारण मिक्सरची चटणी त्यांच्या मते चटणी नव्हेच. कैलास सकाळी समीक्षाची वेणी घालायला शिकला. पहिला महिनाभर ती वेणी कानाच्या वरूनच सुरू व्हायची.

जयाचे फोन यायचे. हॉस्टेलमधली बावीस-तेवीस वर्षांची मुलं तिला नुसतं जया म्हणून हाक मारतात याचं तिला आधी कसंतरी वाटलं, मग आवडायला लागलं. एकदा तिला एका कॅफेत काम करणारा कर्णबधिर मुलगा भेटला. तिने हातांनी आपलं नाव अक्षर अक्षर करून सांगितलं आणि त्याला ते कळलं, कारण आपली बोटांची अक्षरं आणि त्यांची अक्षरं बरीच सारखी. "अगं, दुकानात मला इंग्रजी बोलताना घाम फुटतो," ती मला म्हणाली, "आणि तिथे मी अर्धा तास गप्पा मारल्या." थंडीत मात्र तिचे हाल झाले. हातमोजे घातले की खुणा करता येत नाहीत आणि काढले की बोटं आखडतात.

डिसेंबरात समीक्षाला ताप आला तेव्हा जया फोनवर कोसळली. मी येते म्हणाली. आनंदाबाईंनी कैलासच्या हातातून फोन घेतला. "ताप सगळ्यायच्याच पोरायले येते. तू इथी असती तं काय उतरला असता? अभ्यास कर अन् परीक्षा देऊन येजो." मग फोन ठेवून त्या स्वतःच डोळे पुसत समीक्षाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्या. तिसऱ्या दिवशी समीक्षा उठून पोहे मागायला लागली.

वर्ष संपलं, जया परत आली. महादेवरावांनी बाजारात तिसरी घोषणा केली आणि गावात सत्कार घडवून आणला. शाल जयाला मिळाली, श्रीफळ त्यांनी स्वतःकडे ठेवलं. नीरजची रोपवाटिका तोवर चालायला लागली होती, मंडपाला त्याच्याच जाळीचा कपडा होता.

आता कोणी ना कोणी तिच्याकडे मुलाला घेऊन येतं, बाहेर शिकायला पैसे कुठे मिळतात विचारायला. ती आधी आईबापांना बाहेर चहाला पाठवते आणि मुलाला एकट्याला विचारते की तुला जायचं आहे का. बरेच जण तिथेच सुटल्यासारखे हसतात. ज्यांना खरंच जायचं असतं, त्यांच्यासोबत ती बसते.

आठवड्यातून एक दिवस ती गावांत जाते, जिथे तान्ह्या बाळाला ऐकू येत नाही असं निदान झालंय अशा घरी. परवा मी तिच्याबरोबर वडनेरला गेले होते. छाया नावाची कोवळी आई होती, चौदा महिन्यांचं बाळ मांडीवर. जयाने तिला आठवड्यापूर्वी दुधाची खूण शिकवली होती, धार काढल्यासारखी मूठ उघडायची, मिटायची. बाळाच्या नजरेसमोर, प्रत्येक वेळी, दूध देण्याआधी.

"रोज करून राह्यली मी," छाया म्हणाली, "पण हा नुसता पायते."

"पाहू दे. तू कर."

छायाने वाटी आणली, खूण केली. बाळाने बघितलं, वाटीकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग आपला लठ्ठ हात वर केला आणि मूठ एकदा मिटली. छाया किंचाळलीच. "केलं! केलं बाई त्यानं!" घरातले सगळे धावत आले. त्याला वाटीभर दूध मिळालं. ते पिऊन झालं तरी त्याने पुन्हा मूठ हलवली, मग पुन्हा. पोट भरलं होतं, पण आपण हात हलवला की एवढी माणसं नाचतात हे त्याला फारच आवडलेलं दिसलं.